पेटीतला कंदील

मराठीच्या अध्यापकाच्या हातून आयुष्यभरात जे लिखाण होते, त्यातील बहुतेक लाल शाईत आणि समासात होते. लेख, परीक्षणे, शोधनिबंध हे सारे त्यापुढे किरकोळ. समासातल्या या लिखाणाची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि ते एका परीने बरेच आहे. माझ्या अशा एका शेऱ्याची मात्र मला आजही लाज वाटते. शेरा एका शब्दाचा होता : 'विषयांतर'.

२००८ च्या जानेवारीतली गोष्ट. बी. ए. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'अंधाराकडून प्रकाशाकडे' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. विषय असा की विद्यार्थ्याने काय लिहायचे हे शीर्षकातच ठरून गेलेले असते. पन्नासेक वह्यांमध्ये अज्ञानाचा अंधार आणि ज्ञानाचा प्रकाश ओळीने उभा होता. एका वहीत तो नव्हता. ती वही एका तांड्यावरून येणाऱ्या विद्यार्थिनीची होती. आमच्या घरी सूर्यावर चालणारा कंदील आहे, असे तिने आरंभी लिहिले होते. त्यापुढे तीन छोटी वाक्ये होती. कंदील पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे. किल्ली आईजवळ आहे आणि आई कारखान्यावर आहे. त्यानंतर निबंध कारखान्याकडे वळला होता : तिकडे थंडी किती पडते, बैलगाडीत ऊस कसा रचतात, धाकटा भाऊ तिकडेच असल्यामुळे त्याची शाळा कशी बुडाली. प्रकाश पुन्हा आला नाही. मी दहापैकी चार गुण दिले आणि समासात तो शब्द लिहिला.

तो कंदील मीच तिच्या घरी दिलेला होता, हे सांगितल्याशिवाय या शेऱ्याचा अर्थ पुरता लागणार नाही.

लातूर जिल्ह्यातील जळकोट आणि नांदेड जिल्ह्यातील मुखेड हे दोन तालुके एकमेकांना भिडतात, तिथे बालाघाटच्या रांगा उघड्या, खडकाळ होतात. माती पातळ, विहिरी खोल, आणि डोंगराच्या कुशीत जागोजागी बंजारा तांडे. मी तेव्हा या भागातील एका महाविद्यालयात शिकवीत होतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे होते. शिबिरासाठी जागा पाहायला म्हणून मी या तांड्यावर प्रथम गेलो. मूळ गावात विजेचे खांब कित्येक वर्षांपूर्वी आलेले. ओढा ओलांडून दोन किलोमीटरवर तांडा. तिथे खांब नव्हता. सरकारी दप्तरात मात्र गाव विद्युतीकृत होते, आणि त्यात खोटे काहीही नव्हते. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत. एका शेतातली एक मोटार तेवढ्याला पुरे. २००४ साली व्याख्या सुधारली. दलित वस्तीसह गावात वीजवाहिनी हवी, शाळा आणि पंचायत यांसारख्या ठिकाणी वीज हवी, आणि निदान दहा टक्के घरांत जोडणी हवी, असे ठरले. दहा टक्के घरे उजळली की उरलेली नव्वद टक्के घरे व्याख्येत उजळत. आपण साहित्यात व्याख्यांवर वाद घालतो तेव्हा त्यात कोणाच्या घरात रात्र होत नाही. इथे होत होती.

त्या वर्षांत शब्दांकडे माझे लक्ष फार जाई. वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, त्याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा-बारा तास वीज जाऊ लागली आणि या अंधाराला 'भारनियमन' असे नाव मिळाले. शब्द निर्दोष घडवलेला आहे. त्यात कोठेही काळोख दिसत नाही. दुसरा शब्द त्याहून नवलाचा : 'अपारंपरिक ऊर्जा'. दिल्लीत १९९२ पासून अपारंपरिक ऊर्जा स्रोतांचे स्वतंत्र मंत्रालय होते. २००६ मध्ये त्याच्या नावात 'नवीन आणि नवीकरणीय' हे शब्द आले. लोकांच्या बोलण्यात आणि कार्यालयांच्या पाट्यांवर 'अपारंपरिक' पुढेही बराच काळ राहिले. परळीच्या भट्टीत जळणारा कोळसा पारंपरिक, आणि ज्याच्याकडे पाहून आमच्या आजीने पिढ्यान्पिढ्यांचा नमस्कार केला तो सूर्य अपारंपरिक! पुढे २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा मला हा शब्द पुन्हा आठवला. वीज करायलाही पाणी लागते, आणि ते पाणी आमच्याकडे नव्हते. आमच्याकडे भरपूर होते ते ऊन.

तर या तांड्याला सौर कंदील द्यावेत असे मी ठरवले. प्राध्यापकांनी वर्गणी दिली, काही अडत व्यापाऱ्यांनी दिली. कंदिलाची किंमत त्या काळी तीन हजारांच्या आसपास; जमलेल्या पैशांत अकरा आले. दहा वॅटचे पॅनेल, बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी आणि सात वॅटचा सीएफएल दिवा, अशी त्या वेळची ठरीव रचना होती. दिवसभर पॅनेल उन्हात ठेवले की रात्री तीन-चार तास उजेड. २००७ च्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी कार्यक्रम झाला. तांड्याच्या नाइकांनी नारळ फोडला. मी भाषण केले. त्या भाषणात तमसो मा ज्योतिर्गमय होते, सावित्रीबाई होत्या आणि एडिसनही होता. टाळ्या झाल्या. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छायाचित्र आले. त्यात अकरा बायका हातात अकरा कंदील धरून उभ्या आहेत आणि मी कडेला, किंचित पुढे झुकून, उभा आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक आला. टोळ्या ऊसतोडीला गेल्या.

हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. मराठवाड्यात राहणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि पाडवा, कधी अक्षय तृतीयाही, उलटल्यावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'; त्या कोयत्यावर आधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा असतो. मी ऊसतोडीवरच्या कथा वर्गात शिकवीत होतो. पण जे मी पुस्तकात शिकवीत होतो आणि ज्यांना मी कंदील देत होतो, ती माणसे एकच आहेत, हा विचार माझ्या मनाला त्या दिवशी शिवला नाही. दिव्याला एक घर लागते, आणि घर म्हणजे जिथे माणूस बाराही महिने राहतो ते, हे मी न विचारता गृहीत धरले होते.

मे महिन्यात मी पुन्हा तांड्यावर गेलो. काही अपराधी भावनेने गेलो असे नाही. कंदिलांचा अहवाल पाठवायचा होता. अकरापैकी सात कंदील बंद होते. ते वापरून बिघडलेले नव्हते. न वापरल्यामुळे बिघडलेले होते. घरातली सर्वांत किमती वस्तू म्हणून बायकांनी ते पेटीत ठेवले आणि कुलूप लावून त्या निघून गेल्या. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा की ती नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग ती भार घेत नाही. 'बॅटरी बसली' असे आपण म्हणतो. घर बसते, धंदा बसतो, आवाज बसतो. मराठीत जे जे आतून खचते त्याला आपण बसवतो. दिव्यासाठी आपल्याकडे 'विझला' हा शब्दही टाळण्याची रीत होती. दिवा मालवायचा, त्याला निरोप द्यायचा. हे सात दिवे कोणी मालवले नाहीत. ते पेटीत बसले.

एक कंदील मोबाइलने मारला होता. घरच्या मुलाने बॅटरीला परस्पर तारा जोडून मोबाइल भरायला सुरुवात केली. बॅटरी फार उतरू नये म्हणून कंदिलात जी छोटी यंत्रणा असते ती अशा जोडणीत बाजूला पडते. मी त्याला रागे भरणार होतो. पण त्याची आजी म्हणाली, "गुरुजी, त्याचे मायबाप कारखान्यावर. तिकडून फोन आला तं आम्हाला कळावं का नाही? अंधाराचं काय हो, अंधार सवयीचा हाय." उजेडापेक्षा मोठी गरज त्या घरात होती आणि तिचे नाव माझ्या भाषणात नव्हते.

उरलेले तीन कंदील चालू होते. त्यांतला एक तांड्यावरच राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याकडे होता. दुसरे दोन ज्यांच्याकडे होते त्या बायकांनी ते बरोबर नेले होते. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या असतात. तिथे वीज नसतेच. आणि त्या काळी रेशनकार्ड गावचे, त्यामुळे त्यावरचे घासलेट गावातच राहायचे. फडावर घासलेट विकत घ्यावे लागे. पाचटाच्या कोपीत चिमणी लावायची म्हणजे ठिणगीची धास्ती. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, त्या वेळी हा कंदील कोपीत लटकत असे. पॅनेल कोपीच्या माथ्यावर बांधलेले. रोज भरला, रोज वापरला, म्हणून बॅटरी शाबूत राहिली. गावाच्या उद्धारासाठी दिलेले दिवे गाव सोडले तेव्हाच टिकले होते.

ती बाई हे सारे सहज सांगत होती. मी तिला विचारले, हे तुला कोणी सांगितले? ती हसली. "सांगायचं काय त्यात, सर? जिथं अंधार तिथं दिवा न्यायचा."

त्या संध्याकाळी परतताना मला ती वही आठवली. कंदील पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे, किल्ली आईजवळ आहे आणि आई कारखान्यावर आहे. चार महिन्यांपूर्वी एका अठरा वर्षांच्या मुलीने माझ्या योजनेचा संपूर्ण अहवाल तीन वाक्यांत मला दिला होता. मला ज्या अहवालासाठी तांड्यापर्यंत यावे लागले तो माझ्या टेबलावर होता, आणि मी त्यावर लाल शाईने लिहिले होते की हा विषय नव्हे.

'स्वस्त' आणि 'परवडणारे' हे शब्द आपण सौर ऊर्जेविषयी बोलताना एकाच अर्थाने वापरतो. मराठी बोलीत ते एक नाहीत. स्वस्त वस्तू विकत घेण्याच्या क्षणी स्वस्त असते. परवडते ती सांभाळताना. फुकट मिळालेली म्हैस परवडेलच असे नाही, हे तांड्यावरच्या कोणालाही कळते. माझे कंदील त्यांना फुकट होते आणि परवडत नव्हते. कारण बॅटरी बसली तर ती कोठे मिळते, किती रुपयांना, कोण बसवून देतो, यातले काहीही मी त्यांच्या हाती दिले नव्हते.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, आणि तिचे उत्तर शोधणारेही होते. राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ साली बंकर रॉय यांनी सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजने फार आधी ओळखले होते की सौर दिवा नेण्यापूर्वी त्या गावातली एक बाई तो दुरुस्त करायला शिकली पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या बायका तिथे तारांचे आणि सुट्या भागांचे रंग ओळखून जोडणी शिकतात. आणि गावातली घरे पूर्वी घासलेटवर जो खर्च करीत त्याच्या आसपासची रक्कम दरमहा देखभालीसाठी देतात. पुढे २०१४ नंतर मुंबईच्या आयआयटीने शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांची योजना महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशात राबवली. प्रा. चेतन सिंह सोळंकी तिचे प्रमुख होते. तिथे विद्यार्थ्याने दिव्यासाठी एकशेवीस रुपये द्यायचे होते. खर्चाचा उरलेला भाग अनुदानाचा. दिव्यांची जोडणी, विक्री आणि दुरुस्ती त्या त्या भागातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून करवली गेली. एकशेवीस रुपये ही रक्कम लहान आहे, पण ज्याने ती दिली त्याला 'दिवा का बंद पडला?' असे विचारण्याचा हक्क मिळतो. दान घेणाऱ्याला तो नसतो. माझ्या छायाचित्रातल्या अकरा बायकांपैकी एकीनेही मला येऊन विचारले नव्हते.

मी पुढे जे केले ते फार नाही. सात अँपिअर-तासांची तीच बॅटरी संगणकाच्या छोट्या यूपीएसमध्येही असते. त्यामुळे ती उदगीरच्या दुकानांत सहज मिळत होती. आठ बॅटऱ्या आणल्या. या वेळी प्रत्येक घराकडून थोडे पैसे घेतले. ते देताना कोणी कुरकुर केली नाही, उलट दोघींनी पॅनेलची तार तोकडी असल्याची तक्रार केली, आणि ती मला फार बरी वाटली. मोबाइलच्या तारा जोडणारा तो मुलगा बॅटऱ्या बदलायला शिकला. निघताना कंदील बरोबर न्यायचा किंवा मागे राहणाऱ्याकडे द्यायचा, पेटीत ठेवायचा नाही, एवढे ठरले. त्यातले काही दिवे चार वर्षे चालले.

आज चित्र बदलले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेने गावाऐवजी घर मोजायला सुरुवात केली. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. त्या तांड्यावरही आता तार आणि मीटर आहे. पॅनेलची किंमत माझ्या कंदिलांच्या काळाच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली आली. त्या सात वॅटच्या नळीइतका उजेड आता तीन-चार वॅटचा एलईडी देतो, आणि लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी शिशाच्या बॅटरीसारखी लवकर दगावत नाही. यंत्राने आमच्या बऱ्याच चुका पोटात घातल्या.

सौर ऊर्जेचा मुक्काम आता घरातून शेतात हलला आहे. २०२४ पासूनच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे असतात. या पंपाला बॅटरी लागत नाही. दिवसा पाणी उपसायचे, पाणी हीच त्याची साठवण. रात्रीच्या पाळीला विंचवाकाट्यात पाणी द्यायला जाणे ज्यांनी केले आहे, त्यांना या दिवसाच्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण पंपाला विहीर लागते आणि विहिरीला जमीन. कोयत्यावर जगणाऱ्या पुष्कळ घरांकडे दोन्ही नाहीत. कोपीत तर आजही कुठे मीटर आहे? व्याख्या गावावरून घरापर्यंत आली, हे खरेच मोठे अंतर आहे. पण वर्षातले पाच-सहा महिने जे घर पाचटाचे असते, त्याला ती अजून घर म्हणत नाही.

त्या विद्यार्थिनीविषयी लिहायचे राहिले. जूनमध्ये मी तिची वाट पाहिली. माझ्या मनात होते की सर्व वर्गासमोर तिला सांगावे, तुझा निबंध मी नीट वाचला नव्हता. तिने द्वितीय वर्षाला प्रवेश घेतला नाही. उन्हाळ्यात लग्न झाले असे कळले. त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर ती एका कोयत्याचा अर्धा भाग होऊन कोणत्या कारखान्यावर गेली, हे मी विचारले नाही. तिच्या आईच्या कंदिलात नवी बॅटरी बसवली होती. तो लेकीबरोबर गेला की आईबरोबर, हेही विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. हे मी दुःखाची किनार म्हणून जोडत नाही. माझी सारी धडपड दिव्याच्या बाजूने चालू असताना, ज्या एका बाबतीत माझ्या हाती खरोखर काही होते, म्हणजे तिचे लिहिणे, तिथे मी तिला अडवले, एवढेच मला नोंदवायचे आहे. चार गुणांनी कोणाचे शिक्षण थांबत नाही. पण आपण जे पाहिले तेच लिहिले आणि ते चूक ठरले, हे ती वर्गातून बरोबर घेऊन गेली असणार.

'अंधाराकडून प्रकाशाकडे' हा विषय त्यानंतर मी कधी दिला नाही. दर वर्षी 'आमच्या घरातला उजेड' असा साधा विषय देतो. गेल्या वर्षी एका मुलाने सौर पंपाविषयी लिहिले. वडील पहाटे उठून पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसतात. पूर्वी रात्रीची लाईन यायची तेव्हा आई ते परत येईपर्यंत जागी राहायची. आता ती झोपते. मग निबंध अचानक बहिणीच्या लग्नाकडे वळला आणि विहिरीच्या वाटणीवरून चुलत्यांशी झालेल्या भांडणाकडे गेला, आणि तिथेच, वेळ संपल्यामुळे असेल, थांबला.

मी लाल पेन बाजूला ठेवले. पेन्सिलीने समासात लिहिले : 'पुढे काय झाले?' दुसऱ्या दिवशी त्याने आणखी दोन पाने आणून दिली.